जठराचा कर्करोग : शस्त्रक्रिया जवळ की दूर?

जठराच्या कर्करोगाची शंका बहुतेकदा उशिराच येते. पित्त म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन झालेल्या असतात. मग वजन उतरू लागते, दोन घासांत पोट भरते, शौचाला काळी होते, अशक्तपणा येतो आणि कुणीतरी दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगते. निदानाचा कागद हाती पडला की घरात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : इथेच जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन करायचे, की मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात न्यायचे? घरचे लोक हा निर्णय एका रात्रीत घेतात. वैद्यकीय जगात त्यावर चाळीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. दूरवरच्या, लहान रुग्णालयात उपचार घेतलेला रुग्ण मोठ्या केंद्रातल्या रुग्णापेक्षा कमी जगतो का? तसे असेल तर कशामुळे? आणि त्यावर उपाय काय, रुग्णाला हलवणे की उपचाराला?

जगात २०२२ साली या रोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ६ लाख ६० हजारांच्या आसपास मृत्यू झाले. देशादेशांतली तफावत मोठी आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दक्षिण कोरियात सुमारे ६९ टक्के आणि जपानमध्ये ६० टक्के होते. इतर बहुतेक देशांत ते २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान राहिले. हा फरक केवळ शल्यविशारदांच्या हातांचा नाही. जपानने १९८३ मध्ये जठराची तपासणी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आणली. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे. तिथे रोग लवकर सापडतो. म्हणून रुग्णालयांची तुलना करताना रुग्ण कोणत्या टप्प्यावर पोचला हे आधी पाहावे लागते.

मूळ कल्पना

१९७९ मध्ये हॅरॉल्ड लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये थेट विचारले, की काही शस्त्रक्रिया ठरावीक केंद्रांतच कराव्यात का? त्यांनी पाहिलेल्या अनेक मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये, जिथे त्या अधिक संख्येने होत तिथे मृत्यू कमी होते. २००२ मध्ये जॉन बर्कमायर यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या सुमारे २५ लाख शस्त्रक्रिया तपासल्या. जठर काढण्याच्या शस्त्रक्रियेत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त काम असलेल्या रुग्णालयांतल्या मृत्युदरात २ ते ५ टक्क्यांचा फरक निघाला. स्वादुपिंडात हा फरक १२ टक्क्यांहून अधिक होता. म्हणजे जठराची शस्त्रक्रिया अनुभवावर अवलंबून आहे, पण सर्वांत नाजूक गटात ती बसत नाही. पुढचा बराच वाद या मधल्या जागेमुळेच लांबला.

अनुभवाने नेमके काय बदलते, याचे उत्तर २००९ मध्ये अमीर घाफेरी यांच्या अभ्यासातून मिळाले. कमी मृत्युदराच्या आणि जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते, २४.६ आणि २६.९ टक्के. फरक पुढे पडत होता. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात २१.४ टक्के. हा अभ्यास सामान्य आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचा होता, जठराला मात्र तो चपखल लागू पडतो. अन्ननलिका आणि आतडे यांच्या जोडातून चौथ्या-पाचव्या दिवशी गळती सुरू झाली, तर ती रात्री दोन वाजता ओळखणारी परिचारिका, लगेच सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ आणि अतिदक्षता विभागातली रिकामी खाट यांवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. शस्त्रक्रिया करणारा हात कितीही तयार असला, तरी ही व्यवस्था त्याच्याबरोबर तालुक्याच्या गावी येत नाही.

नेदरलँड्सचा धडा

या वादात सर्वांत जास्त वाचली गेलेली चाचणी नेदरलँड्सची आहे. जपानी शल्यविशारद जठराबरोबर आसपासच्या लसग्रंथी दूरपर्यंत काढत. युरोपात जवळच्याच ग्रंथी काढत. कोणते बरोबर हे ठरवायला १९८९ ते १९९३ या काळात तिथल्या ८० रुग्णालयांतून हजाराहून अधिक रुग्ण निवडले गेले. जपानी पद्धत शिकवायला जपानमधून तज्ज्ञ आले, नेदरलँड्समधल्या निवडक डॉक्टरांना तयार केले गेले. बरे होण्याच्या उद्देशाने शस्त्रक्रिया झालेले ७११ रुग्ण होते. विस्तृत शस्त्रक्रियेनंतर १० टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, मर्यादित शस्त्रक्रियेनंतर ४ टक्के. गुंतागुंत ४३ टक्के विरुद्ध २५ टक्के. पाच वर्षांनी जिवंत असलेले ४७ आणि ४५ टक्के, म्हणजे फरक नाहीच. जपानी पद्धत युरोपात नाकारली गेली.

पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०१० मध्ये आला आणि चित्र पालटले. विस्तृत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्के जिवंत होते, मर्यादित गटातले २१ टक्के. जठराच्याच कर्करोगाने झालेले मृत्यू ३७ आणि ४८ टक्के. म्हणजे त्या शस्त्रक्रियेत रोग आटोक्यात ठेवण्याची ताकद होती. सुरुवातीच्या मृत्यूंनी तो फायदा गिळून टाकला होता. त्या मृत्यूंची दोन कारणे सांगितली जातात. एक, तेव्हा विस्तृत शस्त्रक्रियेत अनेकदा प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट काढले जाई, ते आता शक्यतो टाळतात. दुसरे, हजारभर रुग्ण ८० रुग्णालयांत वाटले, तर एकेका ठिकाणी चाचणीतले वर्षाला तीन-चारच येतात. तैवानमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्व शस्त्रक्रिया एकाच रुग्णालयात झाल्या. तिथे शस्त्रक्रियेमुळे एकही मृत्यू झाला नाही आणि विस्तृत पद्धतीचा फायदा पाच वर्षांतच दिसला, ५९.५ विरुद्ध ५३.६ टक्के.

मला या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचणे फार महत्त्वाचे वाटते. एकच शस्त्रक्रिया कुठे होते यावर तारक ठरेल की मारक, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

एकत्रीकरणाची बाजू

डेन्मार्कने २००३ मध्ये निर्णय घेतला. ३७ रुग्णालयांत विखुरलेली जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पाच केंद्रांत आणली. तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आले आणि पुरेशा लसग्रंथी काढल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण खूप वाढले. नेदरलँड्सने २०१२ मध्ये रुग्णालयामागे वर्षाला किमान १० आणि २०१३ पासून किमान २० शस्त्रक्रियांची अट घातली. त्याच्या जोडीला २०११ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेची राष्ट्रीय नोंद सुरू झाली होती.

या बाजूचे म्हणणे सरळ आहे. अवघड काम मोजक्या ठिकाणी करा, प्रत्येकाचा हिशेब ठेवा. ठिकाणे थोडी असली की पॅथॉलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ अशी सगळी माणसे एकत्र ठेवता येतात.

याच्या आड येणारा पुरावाही नेदरलँड्समधलाच आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. १९८९ ते २००९ या वीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत मोठ्या केंद्रांचा फायदा स्वच्छ दिसला, जठराच्या शस्त्रक्रियेत मात्र दिसला नाही. समर्थक म्हणतात, त्या काळात वर्षाला वीसहून अधिक जठर-शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये जवळपास नव्हतीच, मग तुलना करायची कोणाशी? विरोधक म्हणतात, तर मग वीस हा आकडा आला कुठून? शिवाय डेन्मार्कमधली सुधारणा पूर्वीच्या काळाशी तुलना करून काढलेली आहे. त्याच वर्षांत भूलशास्त्र, अतिदक्षता आणि केमोथेरपीही पुढे गेल्या होत्या. मृत्यू घटण्यात कशाचा वाटा किती, हे वेगळे करता येत नाही.

जवळच्या उपचाराची बाजू

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात १०० रुग्णांना एक कल्पित निवड दिली गेली. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया घराजवळ करायची, की दूरच्या केंद्रात? धोका दोन्हीकडे ३ टक्के असेल, तर सगळ्यांनी जवळचे रुग्णालय निवडले. घराजवळचा धोका दुप्पट, म्हणजे ६ टक्के सांगितला, तरी ४५ जण तिथेच राहायला तयार होते. आकडेवारी समजत नाही म्हणून लोक असे करतात, असे मानणे सोपे आहे. पण आजारपणात आपली माणसे जवळ असणे, शेत आणि घर सोडावे न लागणे, आपल्या भाषेत बोलता येणे यांना लोक खरोखर एवढी किंमत देतात. धोरण ठरवणाऱ्यांनी ती मोजायलाच हवी.

दुसरा मुद्दा केमोथेरपीचा. बऱ्या होण्याजोग्या जठराच्या कर्करोगात आज शस्त्रक्रिया एकटी नसते. २००६ च्या ब्रिटिश चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो दिल्याने पाच वर्षे जगणारे २३ वरून ३६ टक्के झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीने त्याहून प्रभावी औषधक्रम दिला. मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेले. हा क्रम दर दोन आठवड्यांनी, चार वेळा आधी आणि चार वेळा नंतर घ्यायचा असतो. मात्र ब्रिटिश चाचणीत ठरलेले सर्व डोस फक्त ४२ टक्क्यांना पूर्ण करता आले, जर्मन चाचणीत नव्या क्रमाच्या गटातही निम्म्याहून कमी रुग्णांना. युरोपातल्या, चाचणीत निवडलेल्या, बऱ्यापैकी धडधाकट रुग्णांची ही स्थिती. जठर काढलेल्या, चार घास कसेबसे खाणाऱ्या माणसाने सावंतवाडीहून मुंबईला दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीने यायचे, तर किती डोस पूर्ण होतील?

यावर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात एक मार्ग शोधला गेला. टाउन्सव्हिल शहरातले कर्करोगतज्ज्ञ सुमारे ९०० किलोमीटर दूरच्या माउंट आयझा गावातल्या रुग्णांना व्हिडिओवरून तपासू लागले. औषध तिथल्याच परिचारिका आणि डॉक्टर देऊ लागले. २०१५ मध्ये दोन्ही ठिकाणच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. मिळालेले डोस, त्यांची तीव्रता आणि दुष्परिणाम यांत लक्षणीय फरक नव्हता. हा अभ्यास सर्व प्रकारच्या कर्करोगांचा होता. केमोपुरते दूरचे रुग्णालय मागे पडायलाच हवे असे नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

जपानने हाच विचार कायद्यात आणला. २००६ च्या कर्करोग नियंत्रण कायद्याचे एक उद्दिष्ट, राहण्याच्या ठिकाणावरून उपचाराचा दर्जा ठरू नये, हे आहे. त्यासाठी देशभर चारशेहून अधिक रुग्णालये नेमली गेली. पण जपानला हे साधते, कारण तिथे रुग्णच इतके आहेत की मध्यम आकाराच्या शहरातल्या शल्यविशारदालाही भरपूर अनुभव मिळतो.

मोजमापाच्या अडचणी

दूरच्या आणि मोठ्या रुग्णालयांची तुलना तीन ठिकाणी फसते.

रुग्णांची निवड आपोआप होते. जो प्रवास करू शकतो तोच मोठ्या केंद्रात पोचतो. तो तुलनेने तरुण असतो, ताकद टिकून असते, सोबत यायला माणूस आणि हाताशी पैसा असतो. रक्ताची उलटी झालेला, जठराला भोक पडलेला किंवा अन्नमार्ग बंद झालेला रुग्ण जवळच्याच टेबलावर घ्यावा लागतो. त्याचा मृत्यू लहान रुग्णालयाच्या नावावर लागतो.

टप्प्याची गणना फसवी असते. रोग किती पसरला हे ठरवायला किमान १६ लसग्रंथी तपासाव्यात असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. लहान ठिकाणी सहा-सात ग्रंथी काढल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, तर रुग्ण ‘सुरुवातीच्या टप्प्यातला’ ठरतो. प्रत्यक्षात न काढलेल्या ग्रंथींत रोग असू शकतो. मग त्या रुग्णालयाचे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण लवकर का दगावतात, असा प्रश्न पडतो. त्याचे अर्धे उत्तर चुकीच्या वर्गवारीत असते. उलट, जास्त ग्रंथी काढणाऱ्या केंद्राचे प्रत्येक टप्प्याचे आकडे आपोआप चांगले दिसतात.

तिसरी अडचण आपल्याकडे सर्वांत मोठी आहे : रुग्ण पुढे कसा आहे हे कळतच नाही. पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण हिशेबात शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत धरला जातो. असे अनेक असले, तर जगण्याचे प्रमाण फुगते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची नोंदणी या बाबतीत मोलाची आहे. १९८७ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली ग्रामीण, लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधतात आणि तो हयात आहे का हे घरी जाऊन विचारतात. दवाखान्याच्या फायलीत बसून हे आकडे मिळत नाहीत.

आपल्याकडे

मोठे केंद्र म्हणजे जास्त रुग्ण आणि दूरचे गाव म्हणजे थोडे, हे युरोपातले समीकरण भारतात एका ठिकाणी उलटते. मुंबईत हा रोग एक लाख पुरुषांमागे वर्षाला चार-पाच जणांना होतो. मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात हेच प्रमाण चाळीसच्या वर, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. धुरावलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी, तंबाखूच्या धुराने भरलेले ‘तुइबुर’ नावाचे पाणी आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू यांच्याकडे संशोधकांनी बोट दाखवले आहे. अंतराने ऐझॉल दूर आहे, पण जठराच्या शस्त्रक्रियेत अनुभवी होण्याइतके रुग्ण तिथेच आहेत. तिथल्या रुग्णाला गुवाहाटी, कोलकाता किंवा मुंबईला पाठवण्यापेक्षा ऐझॉललाच पूर्ण सज्ज शस्त्रक्रिया केंद्र उभे करणे वैद्यकीय दृष्टीनेही योग्य ठरू शकते. अंतर आणि अनुभवाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादात त्या सतत एकत्र केल्या जातात.

ईशान्येतली दुसरी बाजूही पाहावी लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार सिक्कीममधल्या सुमारे ९५ टक्के आणि नागालँडमधल्या ५८ टक्के कर्करुग्णांनी ईशान्य भारताबाहेर उपचार घेतले. आसाममध्ये राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी १७ कर्करोग रुग्णालयांचे जाळे आखले. त्यांपैकी सात एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली.

महाराष्ट्राची स्थिती ऐझॉलच्या उलट आहे. इथे हा कर्करोग विरळ असल्याने एकेका जिल्हा रुग्णालयाला वर्षाला वीस जठर-शस्त्रक्रिया मिळणे अवघडच. म्हणून शस्त्रक्रियेपुरते मुंबई, पुणे, नागपूर अशा केंद्रांकडे जाणे टळत नाही. पण तिथे पोचणे म्हणजे केवळ खाट मिळणे नव्हे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळला टाटा रुग्णालयाजवळच्या पदपथावर मुक्काम पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि केमोसाठी आठ वेळचा प्रवास हा भार कुटुंबावर राहतो.

मधला मार्ग आखण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रिड उभे राहिले. आज तीनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. समान उपचारसूत्रे, दूरवरून तज्ज्ञ मंडळाचा सल्ला आणि औषधांची एकत्रित खरेदी ही त्याची कामे. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी दिवसभराची उपचारकेंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. शस्त्रक्रिया केंद्रात, केमो आणि नंतरची देखभाल घराजवळ, अशी ही विभागणी आहे. जठर पूर्ण काढलेल्याला जन्मभर बी-१२ जीवनसत्त्व, थोडेथोडे खाण्याची शिस्त आणि वजनावर लक्ष लागते. हे काम ग्रामीण रुग्णालय उत्तम करू शकते. उपलब्ध पुरावा पाहता ही विभागणी मला सर्वांत पटते. जठराच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांत तिने जगण्याचे प्रमाण वाढते, हे सिद्ध व्हायचे आहे.

न सुटलेले

किमान संख्येचा आकडा कोणता, हे ठरलेले नाही. संख्या रुग्णालयाची मोजावी की शल्यविशारदाची? अनुभवी डॉक्टर लहान गावी आठवड्यातून एकदा आला, तर पुरे होईल? घाफेरींचा अभ्यास ‘नाही’ असे सुचवतो, पण पुरेशा अतिदक्षतेसह हा प्रयोग कोणी नीट मोजलेला नाही. पंचाहत्तरीपुढच्या अशक्त रुग्णांत विस्तृत शस्त्रक्रियेचा लाभ किती, यावर मतभेद आहेत, आणि दूर जायला सर्वांत नाखूश तेच असतात.

भारतात याहून मोठा गट वादाबाहेरच राहतो. बरेचसे रुग्ण रोग पसरल्यावर येतात, त्यांची शस्त्रक्रिया होतच नाही. केमो मिळाली तरी अशांचे मध्यम आयुर्मान वर्षाच्या आसपास. त्यांच्यासाठी वेदनाशमन, अन्नमार्ग उघडा ठेवणे आणि शेवटचे महिने घरी जाणे यांना महत्त्व असते. कोणत्या केंद्राचा मृत्युदर कमी, या मोजपट्टीत ते बसत नाहीत.

आणि एक गोष्ट नेदरलँड्सने एकत्रीकरणानंतर दाखवली. शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात होऊ लागली, तरी ती करायची की नाही हा निर्णय निदान ज्या रुग्णालयात झाले तिथून पुष्कळ ठरत होता. काही रुग्णालयांतून रुग्ण शस्त्रक्रियेसाठी अधिक पाठवले जात, काहींतून कमी, आणि हा फरक रुग्णाच्या आयुष्यापर्यंत पोचत होता. आपल्याकडे तालुक्यात दुर्बिणीने निदान झाले आणि ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून घरी परत पाठवला गेला, असा रुग्ण ना जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियांच्या यादीत सापडतो ना मोठ्या केंद्राच्या आकडेवारीत. त्याचा हिशेब फक्त बार्शीसारख्या, घरोघर जाणाऱ्या नोंदणीत लागतो, आणि महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत अशी नोंदणी अजून नाही.